संतापाची लाट कुठे आहे, ते जाऊन बघ

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझी बातमी वाचली आणि सोबत पाठवलेली क्लिपही नीट पाहिली. नगरपालिकेचा उमेदवार कोपरा सभेत सांगतोय, की पाण्यासाठी मोर्चा घेऊन आलेल्या बायका तीनशे रुपये रोजानं आणल्या होत्या. बातमीला तू मथळा दिलास, 'बेताल वक्तव्याने शहरात संतापाची लाट'. आणि खाली मला मात्र वेगळंच लिहिलंस: "काका, हा माणूस तरीही निवडून येणार. लोकांना कशाचंच काही वाटत नाही. मग आपण हे छापायचं तरी कशाला?"

संतापाची लाटही आहे आणि लोकांना काही वाटतही नाही, हे दोन्ही एकाच वेळी खरं कसं असेल? तुझ्या बातमीत प्रतिक्रिया कोणाच्या आहेत ते बघ. विरोधी पक्षाचे शहराध्यक्ष, त्याच पक्षाच्या महिला आघाडीच्या अध्यक्षा आणि तहसीलदारांना निवेदन देणारी एक संघटना. चौकात फोटोला जोडे मारले, त्याचं छायाचित्र. हे घडलं, तेव्हा ते छापायलाच हवं. पण मोर्चात गेलेली एकही बाई त्या बातमीत नाही. जिच्याबद्दल तो बोलला, तिला काय वाटलं हे आपल्याला ठाऊक नाही, आणि तरी आपण सगळ्या शहराच्या वतीनं 'लाट' लिहून मोकळे झालो. या एका गोष्टीसाठी आज हे लांबलचक पत्र लिहितोय.

तू तेव्हा शाळेत असशील. एप्रिल २०१३. राज्यात भीषण दुष्काळ होता, उजनी धरण वजा पातळीत गेलं होतं. उजनीचं पाणी सोलापूर जिल्ह्याला सोडा, या मागणीसाठी मोहोळ भागातला एक शेतकरी कार्यकर्ता मुंबईत आझाद मैदानावर पन्नासहून अधिक दिवस उपोषणाला बसला होता. त्या वेळचे उपमुख्यमंत्री अजित पवार इंदापूर तालुक्यातल्या निंबोडीच्या सभेत त्या उपोषणाबद्दल बोलले, आणि धरणात पाणीच नाही तर काय, तिथे लघवी करायची का, अशा अर्थाचं जे बोलले ते तुला पाठच असेल. मोबाइल असलेल्या प्रत्येकानं ते ऐकलं. विधिमंडळाचं कामकाज बंद पडलं. पवारांनी माफी मागितली, आयुष्यातली सर्वांत मोठी चूक म्हणून ती कबूल केली आणि १४ एप्रिलला कराडला प्रीतिसंगमावर यशवंतराव चव्हाणांच्या समाधीपाशी दिवसभर आत्मक्लेश म्हणून उपोषण केलं. शरद पवारांनीही जाहीर दिलगिरी व्यक्त केली.

आता मला सांग, त्या शेतकऱ्याची मागणी नेमकी काय होती, हे आज किती जणांना आठवतं? वाक्य सगळ्यांना आठवतं. वरच्या धरणांतून खाली किती पाणी सोडायचं, पुणे जिल्ह्यानं किती वापरायचं, उसाला किती जायचं, सिंचनावर खर्च झालेल्या पैशाचं काय झालं, हे त्या दिवसांतले खरे प्रश्न होते. सिंचनावरून राज्य आधीच तापलेलं होतं, नोव्हेंबर २०१२मध्ये सरकारला श्वेतपत्रिका काढावी लागली होती. पण एप्रिलमधले ते काही दिवस माफी पुरेशी आहे की राजीनामा हवा, यातच गेले. संतापाचं कारण खरंच होतं. तहानलेल्या माणसाला असं बोलणं हे क्रूर आहे, आणि लोक चिडले ते बरोबरच. पण त्या संतापानं वाक्याचा माग काढला, पाण्याचा काढला नाही, आणि त्यात आपला, बातमीदारांचा, मोठा वाटा होता.

म्हणून तुझ्या बातमीकडे परत ये. त्या शहरात नळाला किती दिवसांनी पाणी येतं? मोर्चाची मागणी काय होती? मुख्याधिकाऱ्यांनी मोर्चेकऱ्यांना काय उत्तर दिलं? तीनशे रुपयांचा विषय निघाला आणि पाण्याचा बुडाला. त्या उमेदवाराला नेमकं हेच हवं असेल, ही शक्यता धरून चाल. त्याचा तोल गेला असं समजू नकोस. क्लिप पुन्हा बघ: 'तीनशे' म्हटल्यावर तो थांबतो आणि डाव्या हाताला उभ्या असलेल्या पोरांकडे बघतो. पहिला हशा तिथून येतो, मग बाकीचे हसतात. पुढच्या खुर्च्यांवर बसलेल्या दोन बायका हसत नाहीत, एक डोक्यावरचा पदर सारखा करते आणि खाली बघते. सभेला जाशील तेव्हा व्यासपीठाइतकंच समोरच्या माणसांकडेही लक्ष ठेव. कोण हसलं, कोण गप्प राहिलं, कोण उठून गेलं, हीच जनतेची पहिली प्रतिक्रिया, आणि ती कुठल्याही पत्रकात येत नाही.

आता तुझा दुसरा मुद्दा, निवडून येण्याचा. तो मला जास्त लागला, कारण तुझ्या वयात हा कडवटपणा एकदा अंगात मुरला की निघत नाही.

अजित पवार २०१४मध्ये बारामतीतून जवळजवळ ९० हजारांच्या फरकानं जिंकले. यावरून लोकांना काही वाटलं नाही असं म्हणायचं का? ज्यांना ते वाक्य लागलं ते लोक मोहोळ, पंढरपूर, मंगळवेढ्याकडचे. त्यांचं मत बारामतीत नव्हतं. आर. आर. पाटलांचं बघ. २६/११च्या हल्ल्यानंतर, एवढ्या मोठ्या शहरात अशा लहानसहान घटना घडतातच, अशा अर्थाचं ते बोलले आणि डिसेंबर २००८च्या पहिल्याच दिवशी त्यांना उपमुख्यमंत्रिपद आणि गृहखातं सोडावं लागलं. पुढच्या वर्षी ते निवडून आले आणि पुन्हा गृहमंत्री झाले. २०१४च्या प्रचारात, स्वतः उमेदवार असताना, प्रतिस्पर्धी पक्षाच्या एका उमेदवारावरच्या बलात्काराच्या आरोपाबद्दल, आमदार व्हायचं होतं तर निवडणूक होईपर्यंत तरी थांबायचं, अशा अर्थाचं बोलले. टीकेची झोड उठली, त्यांनी माफी मागितली, आणि तासगाव-कवठेमहांकाळनं त्यांना पुन्हा निवडून दिलं. ती दोन्ही वाक्यं मला आजही अक्षम्य वाटतात. पण तासगावच्या मतदारापुढे ग्रामस्वच्छता अभियान होतं, तंटामुक्त गाव होतं, मध्यरात्रीही फोन उचलणारा आपला आबा होता. त्यानं माणसाचा आख्खा हिशेब केला. आणि मुंबईत ज्यांची माणसं मारली गेली, त्यांचं मत तासगावात कधीच नव्हतं.

२०१९ला भोपाळच्या उमेदवार प्रज्ञासिंह ठाकूर २६/११ला मारले गेलेले पोलीस अधिकारी हेमंत करकरे यांच्याबद्दल जे बोलल्या, ते महाराष्ट्र विसरणार नाही. आपल्या शापानं त्यांचा सर्वनाश झाला, असं त्या म्हणाल्या. मालेगाव स्फोटाचा तपास करकऱ्यांनी केला होता आणि त्या त्यात आरोपी होत्या (जुलै २०२५मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयानं त्यांच्यासह सर्व सात जणांना निर्दोष सोडलं). आयपीएस अधिकाऱ्यांच्या संघटनेनं निषेध केला, निवडणूक आयोगानं पुढे त्यांच्यावर ७२ तासांची प्रचारबंदी घातली. त्यांनी विधान मागे घेतलं आणि साडेतीन लाखांहून जास्त मतांनी त्या जिंकल्या. २०२४ला मात्र पक्षानं त्यांना तिकीट दिलं नाही. इथेही तेच: करकऱ्यांना आपलं मानणारी दादर-ठाण्याची माणसं भोपाळच्या यादीत नव्हती.

ज्याला लागतं त्याचं मत तिथेच असलं, तर काय होतं? अमेरिकेत मिसुरी राज्यात २०१२ला टॉड एकिन नावाचा उमेदवार सिनेटची निवडणूक लढवत होता. 'खऱ्या' बलात्कारातून गर्भधारणा क्वचितच होते, असं तो मुलाखतीत म्हणाला. पक्षाच्या नेत्यांनी माघार घ्यायला सांगितलं, त्यानं ऐकलं नाही. त्याच दिवशी, त्याच राज्यात, त्याच पक्षाचे राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार रॉम्नी जिंकले आणि एकिन पंधरा टक्क्यांहून अधिक फरकानं हरला. म्हणजे मतदारांनी पक्ष ठेवला आणि माणूस बाजूला काढला.

पण यालाही नियम समजू नकोस. नोव्हेंबर २०२४मध्ये कोल्हापुरात खासदार धनंजय महाडिक म्हणाले होते, की लाडक्या बहिणीचे पैसे घेऊन ज्या काँग्रेसच्या सभेला दिसतील त्यांचे फोटो काढा, नावं लिहून घ्या. ओरड झाली, निवडणूक यंत्रणेची नोटीस गेली, त्यांनी माफी मागितली. त्या बायकांची मतं तिथलीच होती. निकालात जिल्ह्यातल्या दहाही जागा महायुती आणि तिच्या बाजूच्या आमदारांकडे गेल्या. का गेल्या, याची दहा कारणं सांगता येतील, आणि त्यात ते वाक्य कितवं, हे कोणालाच सिद्ध करता येणार नाही. मला मात्र त्या दिवसांत एकच गोष्ट छापून आलेली हवी होती: महिन्याला १,५०० रुपये मिळणारी, भाड्याच्या खोलीत राहणारी एखादी बाई, ते ऐकल्यावर पुढच्या सभेला गेली की घरीच राहिली? जोडे मारणारा दिसतो. भ्यायलेला माणूस दिसत नाही, त्याच्या दारात जावं लागतं.

तुझ्या निवडणुकीत तर हे सोपं आहे. प्रभाग लहान. ज्या बायकांना तो रोजानं आलेल्या म्हणाला, त्या त्याच गल्लीत राहतात आणि त्यांचं मत त्याच यादीत आहे. उद्या त्या त्याला मत देतीलही. नवऱ्याची नोकरी, पोराचा दाखला, जात, भावकी, उधारी, सगळं बघून देतील. तरीही त्यांना वाईट वाटलं होतं, हे खरंच राहतं.

थोडं कायद्याचं. पुढे विधानसभेच्या सभा करशील तेव्हा उपयोगी पडेल. डिसेंबर १९८७च्या विलेपार्ले पोटनिवडणुकीत बाळासाहेब ठाकरे यांनी डॉ. रमेश प्रभू यांच्यासाठी भाषणं केली. धर्माच्या नावावर मतं मागणं हा लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३(३) प्रमाणे भ्रष्ट आचार आहे. पराभूत उमेदवार प्रभाकर कुंटे न्यायालयात गेले, १९८९ला उच्च न्यायालयानं निवडणूक रद्द केली, आणि ११ डिसेंबर १९९५ला सर्वोच्च न्यायालयानं ते कायम केलं. ठाकरे यांचा मताधिकार सहा वर्षांसाठी गेला, पण त्याचा आदेश निघाला १९९९ला. भाषण आणि शिक्षा यांत बारा वर्षं! आणि त्याच ११ डिसेंबरला, त्याच न्यायालयानं मनोहर जोशी यांची निवडणूक मात्र वाचवली. महाराष्ट्रात पहिलं हिंदू राज्य स्थापन होईल, हे त्यांचं वाक्य म्हणजे मतांची मागणी नव्हे, फार तर व्यक्त केलेली आशा, असं न्यायालय म्हणालं. दोन भाषणांमधला हा फरक ठरला तो नेमक्या शब्दांवर. म्हणून क्लिपवर भागवू नकोस. पूर्ण भाषण मिळव, आधीची आणि नंतरची पाच मिनिटं ऐक, शब्द जसेच्या तसे उतरवून घे. उमेदवार दुसऱ्या दिवशी 'विपर्यास केला' म्हणतोच, आणि कधीकधी त्याचं खरं असतं. विधानसभेला निवडणूक यंत्रणेचं व्हिडिओ पथक महत्त्वाच्या सभांचं चित्रीकरण करतं. तुझ्या नगरपालिकेला राज्य निवडणूक आयोगाची आचारसंहिता लागू आहे, तेव्हा त्या सभेचं चित्रीकरण झालं का, तक्रार आली का, आणि तिचं पुढे काय झालं, हे निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांना लेखी विचार.

तर छापायचं कशाला? त्या दोन बायका खाली बघत होत्या म्हणून. भर सभेत आपल्याला विकाऊ म्हटलं आणि पेपरात फक्त पुढाऱ्यांची भांडणं आली, असं त्यांना वाटू नये म्हणून. उमेदवार पाडणं हे आपलं काम नाही, आणि तो पडला नाही म्हणून आपली बातमी वाया गेली असंही नाही.

आता लगेच कर ते एवढंच. सकाळी, पाण्याची वेळ असेल तेव्हा, त्या प्रभागात जा. कॅमेरा पिशवीतच ठेव. मोर्चाला कोण गेल्या होत्या ते विचार, त्या दिवशी किती मजुरी बुडाली ते विचार. ज्या नाव देऊ नका म्हणतील त्यांचं देऊ नकोस, गल्लीचं वर्णनही देऊ नकोस, कारण त्यांना निकालानंतरही तिथेच राहायचंय. मोर्चाला खरंच कोणी पैसे घेऊन आलं होतं असं कळलं, तर तेही लिही. पाणीपुरवठ्याचं वेळापत्रक नगरपालिकेतून घे, आणि मग उमेदवाराकडे जा, पण त्याला त्या वाक्याबद्दल शेवटी विचार. आधी पाणी किती दिवसांत देणार ते विचार.

कच्चा मजकूर रात्रीपर्यंत पाठव. मथळा मात्र या खेपेला सगळं लिहून झाल्यावर दे.

तुझा,
काका