वाचकांचे प्रश्न : परदेशी इंजिन ऑईल परवडते काय?

प्रश्न : माझ्याकडे पंचेचाळीस अश्वशक्तीचा ट्रॅक्टर आणि शंभर सीसीची मोटारसायकल आहे. पुण्याला नोकरी करणाऱ्या पुतण्याने दिवाळीला येताना आयात केलेल्या ५डब्ल्यू-३० सिंथेटिक ऑईलचा चार लिटरचा कॅन आणला. त्याला तो ४,६०० रुपयांना पडला. आमच्याकडे तालुक्याला चांगले ऑईल लिटरमागे ३८० रुपयांत मिळते. हे महागडे ऑईल दोन्ही गाड्यांत टाकावे काय, आणि पुढेही हेच घ्यावे काय?
— एक शेतकरी वाचक, ता. वणी, जि. यवतमाळ

उत्तर : पुतण्याची माया खरी आहे आणि ऑईलही बहुधा उत्तमच असेल, पण ते आपल्या दोन्ही गाड्यांपैकी एकीच्याही कामाचे नाही. डब्यावरील देशाचे नाव क्षणभर झाकून मागची बारीक अक्षरे वाचावीत, कारण इंजिनाला तीच कळतात.

‘५डब्ल्यू’ मधला पहिला आकडा थंडीचा असतो. या दर्जाच्या ऑईलची चाचणी उणे ३० अंशांना घेतात, तर आपल्याकडच्या ‘१५डब्ल्यू’ची उणे २० आणि ‘२०डब्ल्यू’ची उणे १५ अंशांना. डिसेंबर २०१८ मध्ये नागपुरात पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला, तेव्हा आपण शेकोट्या पेटवून आठवडाभर त्याच गोष्टी केल्या. उणे तापमानाचा प्रश्न वणीच्या शिवारात येतोच कुठे? दुसरा आकडा, म्हणजे ३० किंवा ४०, हा १०० अंशांना ऑईल किती घट्ट राहते ते सांगतो. चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांच्या उन्हात रोटाव्हेटर ओढणाऱ्या ट्रॅक्टरला बहुतेक कंपन्या १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-४० सांगतात, ते या दुसऱ्या आकड्यासाठी. आपल्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत जो दर्जा दिला असेल तोच प्रमाण मानावा. त्यासोबत ‘एपीआय’ या अक्षरांपुढे डिझेलसाठीचा दर्जा, उदाहरणार्थ सीएफ-४ किंवा सीआय-४, आहे की नाही तेही पाहावे. ‘एस’ने सुरू होणारे एसएन, एसपी हे दर्जे पेट्रोल इंजिनाचे आहेत. डिझेल इंजिनात काजळी फार तयार होते आणि ती ऑईलमध्ये तरंगत ठेवणारी द्रव्ये डिझेलच्या ऑईलमध्ये जास्त घातलेली असतात, म्हणून केवळ ‘एस’चा दर्जा असलेले ऑईल ट्रॅक्टरला चालत नाही.

मोटारसायकलीची अडचण वेगळी आहे. तिचा क्लच इंजिनाच्याच ऑईलमध्ये बुडालेला असतो. कारच्या पातळ ऑईलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्ये असू शकतात. ती कारला इंधन वाचवून देतात आणि मोटारसायकलीचा क्लच घसरवतात. म्हणून मोटारसायकलीच्या डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ हा शिक्का लागतो. काही वर्षांपूर्वी उरलेले कारचे ऑईल वाया जाऊ नये म्हणून मी ते स्वतःच्या मोटारसायकलीत ओतले होते. पंधरा दिवसांत, मागे युरियाचे पोते बांधून पांदण चढताना इंजिन ओरडू लागले आणि गाडी मात्र जागची हलेना. एक लिटर ऑईल वाचवण्याच्या नादात क्लच प्लेटचा खर्च अंगावर आला आणि मेस्त्रीचे बोलणे ऐकावे लागले ते निराळे.

आता हिशेबाकडे येऊ. ट्रॅक्टरला आठ लिटर ऑईल लागते असे धरले, तर आयात ऑईलचे ९,२०० रुपये होतात आणि तालुक्याच्या ऑईलचे ३,०४०. दर २५० तासांनी ऑईल बदलायचे आणि वर्षाला ५०० तास ट्रॅक्टर चालला, तर वर्षाचा फरक १२,३२० रुपयांचा होतो. महाग ऑईल तिप्पट टिकेल हा युक्तिवाद शेतात लागू पडत नाही. ऑईल स्वतः न बिघडताही त्यात धूळ आणि काजळी जमत राहते, आणि ती बाहेर काढण्याचा उपाय ऑईल व फिल्टर वेळेवर बदलणे एवढाच आहे.

खरा शत्रू ही धूळच आहे. सोयाबीनच्या मळणीत दोन दिवस थ्रेशर चालवल्यानंतर मी एकदा ट्रॅक्टरच्या हवा फिल्टरची, ऑईल असलेली, वाटी उघडली होती. तळाशी बोटाच्या पेराएवढा काळा गाळ बसला होता आणि चिमटीत घेऊन चोळला, तर रांगोळीसारखी कणी लागत होती. ही कणी सिलिंडरमध्ये गेली की कोणत्याही देशाचे ऑईल रिंगा वाचवू शकत नाही. मळणीच्या आणि कोरड्या नांगरटीच्या दिवसांत ही वाटी रोज पाहावी, गाळ साचला की धुवावी आणि खुणेपर्यंतच ऑईल भरावे. फरकाचे बारा हजार या देखभालीपुढे खूप होतात.

सिंथेटिक ऑईल म्हणजे नुसता भपका, असे मात्र मी म्हणणार नाही. ते उष्णतेत कमी उडते आणि टर्बोच्या तापलेल्या बेअरिंगवर लवकर जळून चिकटत नाही. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल कारमध्ये धुराच्या नळीत काजळी अडवणारा फिल्टर असेल, तर कमी राख सोडणारे ऑईलच वापरावे लागते, आणि तेथे पैसे वाचवणे अंगलट येते. पण असे ऑईलसुद्धा आयातच हवे असे नाही. परदेशी नावांच्या काही मोठ्या कंपन्यांची ऑईल मिश्रण करण्याची केंद्रे आपल्याच राज्यात, पाताळगंगा आणि तळोजा येथे आहेत. खरोखर आयात केलेल्या डब्यावर आयातदाराचे नाव, पत्ता आणि कमाल किंमत छापणे कायद्याने बंधनकारक आहे; ते नसेल तर तो डबा दुकानातच राहू द्यावा.

आपल्या कॅनचे सील फोडले नसेल तर तो पुतण्याच्या कारसाठी परत पाठवावा. तिच्या पुस्तिकेत ५डब्ल्यू-३० असेल तर त्याचे चीज होईल.

प्रश्न : ट्रॅक्टरचे ऑईल बदलल्यावर आठ दिवसांतच काळे पडते. दुकानदाराने नकली ऑईल दिले असेल काय?
— एक वाचक, ता. दर्यापूर, जि. अमरावती

उत्तर : केवळ रंगावरून तसे म्हणता येत नाही. डिझेल इंजिनातील ऑईल काजळी धरून ठेवते म्हणूनच काळे पडते. ते त्याचे कामच आहे. ऑईलची पट्टी सकाळी, ट्रॅक्टर सपाट जागी उभा असताना, पुसून पुन्हा बुडवून पाहावी आणि रंगापेक्षा पातळीकडे लक्ष द्यावे. पातळी आपोआप वाढलेली दिसली आणि डिझेलचा वास आला, तर डिझेल आत गळत आहे. ऑईल दुधाच्या चहासारखे दिसले, तर त्यात पाणी मिसळले आहे. त्या दिवशी ट्रॅक्टर चालू न करता मेस्त्रीलाच घरी बोलवावे.