चिखल लागलेलं पुस्तक

वाचकांचे प्रश्न, पुस्तकविक्रेतीची उत्तरं

ताई, मुलगा चार वर्षांचा आणि मुलगी नऊ वर्षांची. रात्री दोघांना एकत्र वाचून दाखवता येईल असं निसर्गाचं पुस्तक हवंय. आणलेली माहितीची जाडजूड पुस्तकं दोन दिवसांत कोपऱ्यात जातात.

ती कोपऱ्यात जातात यात मुलांचा दोष नाही. त्या पुस्तकांत माहिती भरपूर असते, पण मुलांच्या बोटांना करायला काहीच नसतं. सत्तावीस वर्षं पुस्तकं विकतेय, आणि या वयासाठी आजही माझा हात आधी एरिक कार्ल यांच्या १९६९ सालच्या भुकेल्या अळीच्या पुस्तकाकडेच जातो. अळी फळं खात जाते आणि पानाला खरोखरच भोकं पडत जातात. तुमचा मुलगा त्या भोकात बोट घालेल, पलीकडून काढेल, पुन्हा घालेल. घालू द्या. पान उलटायची घाई करू नका.

नऊ वर्षांच्या मुलीला वाटेल की हे बाळांचं पुस्तक आहे, म्हणून तिच्याकडे वेगळं काम द्या. या पुस्तकातली अळी स्वतःभोवती कोष बांधते आणि शेवटी फुलपाखरू होऊन बाहेर येते. मराठीत आपण पतंगाच्या आणि फुलपाखराच्या, दोन्ही घरांना कोषच म्हणतो, पण अंगाभोवती रेशमी धागे गुंडाळून घर करतात त्या मुख्यतः पतंगांच्या अळ्या. फुलपाखराची अळी सहसा कुठेतरी घट्ट चिकटून बसते आणि शेवटची कात टाकते. त्या कातेखाली कवच तयारच असतं, ते मग टणक होतं. पुस्तकात काय दाखवलंय आणि बाहेर काय घडतं, हे तिला शोधू द्या. एखाद्या झाडाची पानं कुरतडलेली दिसली तर पान उलटून खालची बाजू बघायला सांगा. लेखकाची चूक सापडली की मुलं पुस्तकावर रुसत नाहीत, उलट ते जास्तच आपलंसं करतात. हे मी कितीदा पाहिलंय.

आणि एक पुस्तक तुमच्यासाठी. रेचल कार्सन म्हटलं की लोकांना कीटकनाशकांवरचं १९६२ सालचं पुस्तक आठवतं. पण मुलांच्या कुतूहलावरही त्यांनी एक छोटासा लेख लिहिला होता. १९५६ साली तो मासिकात आला आणि त्यांच्या निधनानंतर, १९६५ साली, त्याचं पुस्तक झालं. त्याच्या सुरुवातीलाच त्या भाचीच्या तान्ह्या मुलाला पांघरुणात गुंडाळून, पावसात, रात्रीच्या अंधारात समुद्रावर घेऊन जातात. लाटा गरजत असतात आणि दोघंही आनंदानं हसत असतात. मूल जेमतेम वीस महिन्यांचं. त्या त्याला काहीही शिकवत नाहीत. सोबत एक मोठं माणूस हवं आणि त्यालाही नवल वाटायला हवं, एवढंच त्या मागतात. झाडापक्ष्यांची नावं येत नाहीत म्हणून संकोचणाऱ्या प्रत्येक आईबाबांना मी हे पुस्तक देते.

पक्षी ओळखायला शिकतोय. फोटोंचं पुस्तक घ्यावं की चित्रांचं?

चित्रांचं. फोटो म्हणजे एक पक्षी, एक क्षण आणि त्या वेळचा उजेड. सावलीत पिवळा गळा करडा दिसतो आणि तुम्ही गोंधळता. चित्रकारानं मात्र तोच पक्षी अनेकदा पाहिलेला असतो. त्यामुळे ओळखीच्या सगळ्या खुणा तो एका चित्रात आणतो आणि सारखे दिसणारे पक्षी शेजारी शेजारी, एकाच ढबीत बसवतो. अमेरिकेत रॉजर टोरी पीटरसन यांनी १९३४ सालच्या आपल्या पक्ष्यांच्या पुस्तकात तर अशा खुणांकडे बोट दाखवणाऱ्या बारीक रेघाच चित्रांवर ओढल्या. दोन हजार प्रतींची पहिली आवृत्ती हातोहात संपली. आपल्याकडे सालिम अलींचं भारतीय पक्ष्यांवरचं पुस्तक १९४१ साली आलं आणि त्यावर कितीतरी पक्षीनिरीक्षक घडले.

घेण्याआधी एक करून बघा. तुम्हाला रोज दिसणारा एखादा पक्षी मनात धरा आणि पुस्तकात शोधा. मिनिटभरात सापडला नाही तर त्या पुस्तकाची मांडणी तुमच्या कामाची नाही, मग छपाई कितीही देखणी असो. नर आणि मादी वेगवेगळे दाखवलेत का, तेही बघा. आणि घेतल्यावर ते कपाटात ठेवू नका, खिडकीत ठेवा. एक गृहस्थ दुसरी प्रत घ्यायला आले तेव्हा पहिली सोबत घेऊन आले होते. कोपरे फुगलेले, पानांवर चिखलाचे ठसे, समासात पेन्सिलीनं लिहिलेल्या तारखा. मी म्हटलं, नवी घ्या, पण ही टाकू नका. त्या तारखा कुठल्याच छापखान्यात मिळणार नाहीत.

वडिलांना आता बारीक अक्षर दिसत नाही. जंगलाची आवड मात्र तशीच आहे.

दुर्गा भागवतांचं 'ऋतुचक्र' त्यांना मोठ्यानं वाचून दाखवा. चैत्रापासून एकेका महिन्यावर लेख आहेत. जो महिना चालू असेल तोच लेख घ्या आणि सगळं एकदम संपवू नका. त्यांची दृष्टी अधू झाली असली तरी त्या पानांतले रंग त्यांना दिसतील. मारुती चितमपल्लींचे लेखही वाचा. वाचताना मध्येच ते स्वतःची एखादी आठवण सांगू लागले तर पुस्तक मिटा आणि ऐका.

अकरा वर्षांची मुलगी नामशेष प्राण्यांविषयी वाचून रडते. अशी पुस्तकं तिच्यापासून लांब ठेवू का?

नको. लपवलं तर ती ते एकटीच वाचेल आणि एकटीच रडेल. पुस्तक तिच्याकडेच राहू द्या, फक्त तिच्या शेजारी बसा. सोबतीला एखाद्या माणसानं प्राण्यांसाठी काय केलं हे सांगणारं पुस्तक द्या. माझी पहिली निवड चिंपांझींच्या अभ्यासक जेन गुडाल. कोंबडी अंडं कशी घालते हे बघायला लहानपणी त्या खुराड्यात लपून तासन्‌तास बसल्या होत्या. घरच्यांची शोधाशोध चाललेली. मुलगी सापडल्यावर आई रागावली नाही, तिनं काय पाहिलं ते ऐकून घेतलं. १९६० साली गुडाल चिंपांझींच्या अभ्यासासाठी टांझानियातल्या गोम्बेला गेल्या, तेव्हा सुरुवातीला सोबतीला हीच आई होती. तिथेच त्यांना चिंपांझी वारुळात गवताची काडी घालून वाळवी काढताना दिसला. माणूसच तेवढा हत्यारं वापरतो, ही समजूत त्या काडीनं मोडली.

हा काडीचा भाग तिला मोठ्यानं वाचायला सांगा. मग विचारा, तू कुठला प्राणी इतका वेळ बघशील? तिनं मुंगी म्हटलं तरी चालेल. एक वही द्या आणि पहिल्या दिवशी तुम्हीही तिच्यासोबत जमिनीवर बसा.