आधी जोड जमव, मग कुस्ती लाव

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या कॉमिकचा २२ पानांचा आराखडा दोनदा वाचला. पैठणला जायकवाडीच्या भिंतीवर दोन सुपरहिरो भिडतात आणि मग एक होतात, ही कल्पना दमदार आहे. अडचण पान ५ वर आहे. तिथे तुझा एक हिरो जलरक्षक दुसऱ्या हिरोला, म्हणजे त्या मुलीला, चोर समजतो आणि हाणामारी सुरू होते. "मी चोर नाही" एवढं ती बोलली असती तरी भांडण मिटलं असतं. वाचकाच्या हे लगेच लक्षात येतं आणि पुढची सात पानं तो नुसती उलटतो.

भांडणात दोघांचंही खरं असू दे. नाथसागर तुडुंब भरलाय, रात्र आहे. वरून पाण्याचा मोठा लोंढा येतोय हे फक्त जलरक्षकाला कळलंय, म्हणून त्याला २७ च्या २७ दरवाजे उघडायचेत. गोदाकाठची एक वस्ती अजून हललेली नाही हे फक्त मुलीला माहीत आहे, म्हणून ती त्याला दरवाजे उघडायच्या चाकाला हात लावू देत नाही. दोघांकडे अर्धी अर्धी माहिती आणि समजावत बसायला वेळ नाही. आता भांडण खरं झालं. खात्री करायची तर प्रत्येकाची बाजू चार ओळींत लिही आणि मैत्रिणीला विचार, बरोबर कोण? तिने झटकन एकाचं नाव घेतलं, तर दुसऱ्याची बाजू लंगडी आहे.

हा प्रकार जुना आहे. १९४० साली 'मार्व्हल मिस्टरी कॉमिक्स'मध्ये ह्यूमन टॉर्च आणि सब-मरिनर, म्हणजे आग आणि पाणी, एकमेकांवर तुटून पडले. आठव्या अंकात एकच झुंज दोघांच्या वेगवेगळ्या गोष्टींत, ज्याच्या त्याच्या बाजूने आली. कुस्ती बरोबरीत सुटली, आणि पुढे तेच दोघं नाझींविरुद्ध एकत्र लढले. १९६३ च्या पहिल्या 'अ‍ॅव्हेंजर्स' अंकात मात्र लोकीने हल्कवर खोटा आळ आणला आणि बाकीचे हिरो त्याच्या मागे लागले. खलनायकाने लावून दिलेलं भांडण लिहायला सोपं, पण त्यात हिरो दुसऱ्याच्या हातातली बाहुली होतात. तुझ्या गोष्टीत लोकी नको. नदी पुरेशी आहे.

आता ताकदीचं. जत्रेच्या फडात पंच जोड, म्हणजे दोघं तोडीस तोड आहेत का, ते बघितल्याशिवाय कुस्ती लावत नाहीत. तुझा जलरक्षक पाणी वळवतो आणि मुलीकडे गोफण नि चपळाई एवढंच. पहिल्या फटक्यात ती संपायला हवी, तरी ती सात पानं टिकते. का टिकते, ते चित्रात दिसलं पाहिजे. १९७६ साली सुपरमॅन आणि स्पायडरमॅन पहिल्यांदा एका अंकात आले, तेव्हा हाच पेच होता. तिथे सुपरमॅनचा वैरी लेक्स ल्यूथर गुपचूप स्पायडरमॅनवर लाल सूर्याच्या किरणांचा मारा करतो. या किरणांपुढे सुपरमॅनची ताकद चालत नाही, म्हणून स्पायडरमॅनचा ठोसा त्याला लागतो. किरणांचा असर उतरला की स्पायडरमॅनचाच हात दुखायला लागतो आणि मारामारी आपोआप थंडावते. तू किरण आणू नकोस. हिंदीतल्या राज कॉमिक्सचा ध्रुव आठव. अनुपम सिन्हांनी १९८७ मध्ये आणलेल्या या हिरोकडे त्याच कॉमिक्समधल्या नागराजसारखी अलौकिक शक्ती नाही, तो जागा आणि हाताशी असेल ती वस्तू वापरतो. तुझ्या मुलीला भिंतीवरची अरुंद वाट दे. तिथे जलरक्षकाने जोराची लाट उठवली तर दरवाजांच्या यंत्रालाच धक्का बसेल, म्हणून त्याला हात राखून लढावं लागेल. जोड जमली.

मारामारीला पान ६ ते १२ दे, त्याहून जास्त नको. पानाला ५-६ चौकटी, आणि एकच मोठी चौकट सबंध झुंजीत एकदा. पान १ उजवीकडे येतं, म्हणजे सम पान उलटल्यावर दिसतं. धक्का तिथेच ठेव. जलरक्षक डावीकडे उभा असेल तर शेवटपर्यंत डावीकडेच ठेव. बाजू बदलायचीच असेल तर मध्ये दोघं एकमेकांना ओलांडताना दाखव, नाहीतर कोण कोणाला मारतंय तेच कळत नाही. जो आधी बोलतो तो डावीकडे हवा, संवादांचे फुगे त्याच क्रमाने वाचले जातात. एका फुग्यात २० शब्दांच्या वर जाऊ नकोस. वेलांट्या-उकारांना वर-खाली जागा लागते, ओळी दाटल्या की अक्षरं एकमेकांत घुसतात.

सगळ्यात जास्त कष्ट पान १२ वर घे. मारामारी भिंतीवरून खाली, वस्तीच्या गोठ्यापर्यंत आलेली आहे. खुंटीला वासरू बांधलंय, दावं ओलं होऊन आवळलंय, गाठ सुटत नाही. जलरक्षक मारायला उचललेला हात खाली घेतो आणि गुडघ्यावर बसून दातांनी ती गाठ सोडवतो. चौकटी अशा: दावं, त्याचे दात, वासराचा कान, आणि मुलीचा चेहरा. संवाद एकही नको. खालच्यांची त्यालाही काळजी आहे हे तिला इथे दिसतं. मग पान १३ वर ती पहिल्यांदा विचारते, "वरून किती पाणी येतंय?"

दोस्ती त्या प्रश्नातून येऊ दे. तुझ्या आराखड्यात पान १३ वर दोघं हात मिळवतात आणि लगेच पूर आवरतात, ते फार स्वस्त झालं. दोघांच्या माहितीची बेरीज करून उपाय काढ. सगळे दरवाजे एकदम उघडायचे नाहीत. आधी मोजकेच, अर्ध्या अर्ध्या फुटाने, आणि मिळालेल्या वेळात वस्ती हलवायची. उघडलेल्या दरवाजातून सुटलेला विसर्ग जलरक्षक वस्तीपासून वळवून धरेल, घरं मुलगी रिकामी करेल. शेवटी काहीतरी हातचं जाऊ दे. गोठा वाहून गेला तरी चालेल, वासरू वाचू दे.

रंगवायची घाई नको. एका ड्रॉइंग शीटवर २२ छोटे चौकोन आख, त्यात काड्यांची माणसं काढ. आधी पान ६ ते १३ पाठव. संवाद झाकून बघेन. मारामारी कळली तर पेन्सिल धर.

तुझा,
काका