आई आठवते, पण फक्त आजारपणातली

घरातलं माणूस लांबलेल्या आजारपणानंतर गेलं की काही महिन्यांनी त्याची मुलं माझ्याकडे येतात आणि हमखास एक गोष्ट सांगतात. रडू येतं, झोप लागत नाही, हे असतंच. पण त्याहून जास्त छळतं ते हे, की आई डोळ्यांसमोर येते ती खाटेवरचीच. नाकात नळी, खोल गेलेले डोळे, ओळख नसलेली नजर. त्याआधीची सत्तर वर्षं कुठे गेली? मी आईला विसरले की काय?

देवगडच्या एका लेकीने हाच प्रश्न विचारला होता. तिच्या परवानगीने आणि ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून तिची हकीगत सांगते.

ताई ५२ वर्षांच्या. रत्नागिरीत एका पतसंस्थेत नोकरी. आई ७४व्या वर्षी गेली. अर्धांगवायूचा झटका आला, त्यानंतर सात महिने ती अंथरुणावर होती. भाऊ मुंबईला, त्यामुळे ताईच बिनपगारी रजा टाकून देवगडला राहिल्या. माझ्याकडे आल्या त्या मात्र एका साध्याच निमित्ताने. वर्षश्राद्ध दीड महिन्यावर आलं होतं. भावाने फोन करून सांगितलं, "ताई, आईबद्दल दोन पानं लिही. नातेवाईक जमतील तेव्हा वाचू, छापून पण देऊ." ताई तीन रात्री वही घेऊन बसल्या. मला दाखवायला ती वही त्यांनी आणली होती. पानावर चार शब्द होते: प्रेमळ, कष्टाळू, सोशीक, सुगरण.

"मॅडम, ह्याच्यापुढे काही येतच नाही. डोळे मिटले की तिचे बांधलेले हात दिसतात."

ते हात कसे बांधले, हे त्यांनी तोवर कुणाला सांगितलं नव्हतं. आई नळी ओढून काढायची. दोनदा पुन्हा घालावी लागली, दोन्ही वेळा रक्त आलं. मग डॉक्टरांनी सांगितल्यावरून ताईंनी आईच्याच एका जुन्या लुगड्याच्या पट्ट्या फाडल्या आणि तिची मनगटं खाटेला बांधली. लुगडं मऊ पडलेलं, वळ उठू नयेत म्हणून मुद्दाम निवडलेलं. रात्री सगळे झोपले की त्या गाठी सोडायच्या आणि आईचे दोन्ही हात आपल्या हातात धरून बसायच्या. पहाटे स्वतःचा डोळा लागायला लागला की पुन्हा बांधायच्या.

हे मी त्यांना सावकाश, सगळं सांगू दिलं. अशा वेळी जवळची माणसं मायेपोटी म्हणतात, "ते आठवू नकोस, चांगलं चांगलं आठव." त्यांचा हेतू चांगलाच असतो, पण उपाय उलटा पडतो. जे चित्र मनाबाहेर ढकलायला जावं, ते अधिक जोराने परत येतं. आणि ते पुढे पुढे का येतं, याचं कारणही समजण्यासारखं आहे. शेवटचे महिने सर्वांत ताजे असतात, भीतीने भरलेले असतात, आणि त्या काळात माणूस रात्रंदिवस जागा राहून एकाच चेहऱ्याकडे पाहत असतो. असे दिवस मेंदू खोल कोरून ठेवतो. आधीच्या आठवणी पुसलेल्या नसतात. त्यांच्यापर्यंतची वाट तेवढी अडलेली असते.

ताईंना मी एकच विचारलं, "ह्याच हातांचं पूर्वीचं काहीतरी सांगा. स्वभाव नको. हात काय करायचे ते सांगा."

बराच वेळ त्या गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मे महिन्यात तिची नखं काळीजांभळी व्हायची."

रातांब्यांनी, म्हणजे कोकमाच्या फळांनी. पाऊस तोंडावर आला की घरात टोपल्याच्या टोपल्या रातांबे येऊन पडायचे. आई पडवीत विळी घेऊन बसायची, फळ फोडायचं, साल एकीकडे, बिया आणि गर दुसरीकडे. गरात मीठ घालून त्याचा रस सुटला की सालं त्यात बुडवून उन्हात टाकायची, वाळली की पुन्हा रसात, पुन्हा उन्हात, सोलं काळी आणि मऊ होईपर्यंत. ढग आला की सगळ्यांना हाका, "सोलं घेवा आत!" बियांचं मुठेल निघायचं, ते रात्री स्वतःच्या भेगाळलेल्या टाचांना आणि मग मुलांच्या टाचांना. त्या महिन्यात कुणाकडे लग्नाला जायचं झालं तर आई पदराखाली हात लपवून बसायची, कारण रंग लिंबाने घासूनही जायचा नाही.

पंधरा मिनिटं ताई बोलत होत्या. त्या बोलण्यात प्रेमळ, कष्टाळू यांतला एकही शब्द आला नाही.

इथे थोडं शास्त्राचं सांगते, कारण अनेकांना वाटतं की आपल्यातच काहीतरी कमी आहे. मन खचलेलं असलं की आठवणी मोघम होतात. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ मार्क विल्यम्स यांना १९८६ साली आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या रुग्णांच्या अभ्यासात हे दिसलं. एखादा ठरावीक प्रसंग सांगा म्हटलं तरी ती माणसं 'आम्ही फिरायला जायचो' एवढ्यावरच थांबायची. नैराश्यात असं होतं हे नंतरच्या अभ्यासांतही वारंवार दिसलं आहे. म्हणून 'आई कशी होती?' हा प्रश्न स्वतःला विचारू नये, त्याला मोघमच उत्तर येतं. त्यापेक्षा विचारावं, ती उठल्यावर पहिल्यांदा काय करायची? पैसे कुठे ठेवायची? कोणाशी बोलणं टाकलं होतं? एकटी असताना काय गुणगुणायची? कशाला घाबरायची? कोणतं काम तिला मनापासून नको असायचं? चिडली की भांडी आदळायची की गप्प व्हायची? यातल्या एका प्रश्नावर गाडी अडली तर दुसरा घ्यावा.

आपल्याकडच्या त्या पिढीतल्या बाईचं आयुष्य कागदावर फारसं नसतंच. नवऱ्याची गिरणीतली नोकरी नोंदलेली असते, पगाराची पावती असते, प्रॉव्हिडंट फंडाचे कागद असतात. तिच्या नावाचं काय असतं? रेशनकार्डावर एक ओळ, मतदारयादीत एक ओळ, असलंच तर बचत गटाचं पासबुक. बाकी सगळं तिच्या कामात आणि आजूबाजूच्या माणसांच्या आठवणीत असतं, आणि ती माणसंही म्हातारी होत आलेली असतात. म्हणून मी ताईंना देवगडला जाऊन लोकांना विचारायला सांगितलं. म्हाताऱ्या माणसांना साधारण दहा ते तीस या वयातल्या गोष्टी आयुष्याच्या इतर काळापेक्षा जास्त स्पष्ट आठवतात, हे स्मृतीच्या अभ्यासात चांगलं ठाऊक आहे. काल काय जेवलो ते न आठवणारी शेजारची काकू, पंचावन्न वर्षांपूर्वी ही सून उंबरठ्यावर आली तेव्हा कोणतं लुगडं नेसली होती ते सांगू शकते.

आणि तसंच झालं. शेजारच्या काकींनी ताईंना बसवलं, चहा दिला आणि म्हणाल्या, "गो बाय, तुझ्या आवशीक पोवाक येय होता, म्हायत आसा तुका?"

ताईंना माहीत नव्हतं. आईचं माहेर वाघोटणच्या खाडीकाठचं. लहानपणी भावांबरोबर ती खाडीत पोहायची, भरतीच्या वेळी होडीतून उडी टाकायची. लग्न झालं तेव्हा मुंबईची बोट विजयदुर्गाला आणि देवगडला लागायची. नवरा त्या बोटीने परत मुंबईला गेला आणि ही सासरी राहिली. सासर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, पण सून पाण्यात उतरलेली कुणी पाहिली नाही. ताई मला सांगताना पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "बावन्न वर्षांत एकदा तरी बोलायची होती ना. आम्हाला मात्र पाण्याजवळ जाऊ द्यायची नाही."

वडिलांचं अवघड होतं. ते ८० पार केलेले, आई गेल्यापासून जवळजवळ मुके. समोर बसून "बाबा, आईबद्दल सांगा ना" म्हटलं की उठून जायचे. हे बहुतेक घरांत दिसतं. या पिढीच्या पुरुषाला समोरासमोर बसवून दुःख विचारलं की त्याला चौकशी झाल्यासारखं वाटतं. हात कामात असले, नजर कामाकडे असली, की तो बोलतो. मी ताईंना म्हटलं, प्रश्न विचारू नका, त्यांच्याबरोबर काहीतरी काम करत बसा.

वडील दुपारी झावळीचे हीर काढत बसायचे, खराट्यासाठी. ताईही कोयती घेऊन शेजारी बसल्या. दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी हीर तासता तासता ते आपणहून संपाबद्दल बोलायला लागले.

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्या बंद पडल्या. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. अधिकृतपणे तो संप कधी मागेच घेतला गेला नाही. कोकणातल्या किती घरांची चूल मनीऑर्डरीवर पेटत होती, हे आपल्याला सांगायला नको. वडील त्या पावसाळ्यात गावी आले. ताई तेव्हा दहा वर्षांच्या. त्यांना त्या काळातलं एवढंच आठवत होतं की बाबा घरी असल्यामुळे मजा यायची. वडिलांनी जे सांगितलं ते असं: दोन वर्षं मी ओटीवर बसून होतो. वाण्याने उधारी बंद केली. तिने हंगामात कॅनिंगच्या कारखान्यात आंबे सोलायचं काम धरलं, घरी येऊन सोलं करायची, ती विकायची. पाटल्या मोडल्या, माहेरी कळू दिलं नाही, हातात काचेच्या बांगड्या भरून गेली. आणि मग म्हणाले, "मला एका शब्दाने बोलली नाही ती. बोलली असती तर बरं झालं असतं."

हीर तासणं थांबलं नव्हतं, असं ताईंनी मला मुद्दाम सांगितलं.

सगळंच असं उजळ करणारं निघालं नाही, आणि निघूही नये. आठवणी येऊ लागल्या तशी एक जुनी सलही वर आली. बारावीनंतर ताईंना रत्नागिरीला वसतिगृहात राहून डी.एड. करायचं होतं. आईने साफ नाही सांगितलं. "शिकान काय करूचा हा?" दोनच वर्षांनी भावाला मात्र शिकायला मुंबईला पाठवलं, त्याच्या फीचे पैसे कुठूनतरी उभे राहिले. ताईंचं लग्न विसाव्या वर्षी लावलं. हे सांगताना त्यांना प्रथम शरम वाटली, मग राग आला. "गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये ना?"

माझं मत स्पष्ट आहे. बोलावं. गेलेल्या आईचा देव केला की मुलीला तिच्याजवळ जाता येत नाही, कारण देवाशी भांडता येत नाही. पाटल्या मोडणारी आणि लेकीचं शिक्षण तोडणारी बाई एकच होती. संपाच्या त्या वर्षांमुळे ती पैशाला घाबरली असेल, असा अर्थ ताईंच्या भावाने लावला. ताईंनी तो मानला नाही, मीही मानायला लावलं नाही. भावाच्या फीच्या वेळी ती भीती कुठे गेली होती, हा त्यांचा प्रश्न रास्तच आहे आणि उत्तर देणारी आता नाही.

काही जण विचारतात, शोकाच्या पाच पायऱ्या असतात ना, नकार, राग, घासाघीस, नैराश्य आणि स्वीकार, मी कितव्या पायरीवर आहे? मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये त्या मांडल्या त्या मुळात मरणाला सामोऱ्या जाणाऱ्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांनी चढायचा तो जिना नव्हे. मला स्वतःला शोकाचे अभ्यासक मार्गारेट स्ट्रोबे आणि हेन्क शुट यांची १९९९ ची मांडणी प्रत्यक्षात जास्त पटते. दुःखात असलेलं माणूस हेलकावत असतं. काही वेळ गेलेल्याकडे, काही वेळ रोजच्या संसाराकडे, आणि दोन्हीकडे जाता येणं हेच बरं लक्षण. ज्या दिवशी आईची आठवण आली नाही त्या दिवसाचा अपराध वाटून घेऊ नये.

मात्र वर्ष उलटूनही ओढ आणि वेदना पहिल्या दिवसाइतकीच असेल, कामधाम, जेवणखाण सुटलं असेल, जगण्यात अर्थ वाटत नसेल, तर केवळ आठवणींच्या वहीवर विसंबू नये. दीर्घकाळ रेंगाळणारा शोक हे आता स्वतंत्र निदान आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात त्यासाठी किमान सहा महिन्यांची मुदत धरली आहे, अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या २०२२ च्या नियमावलीत मोठ्यांसाठी एक वर्षाची. त्यावर उपचार आहेत. मानसोपचारतज्ज्ञ गावात नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य, मराठीत बोलता येतं. मरणाचे विचार येत असतील तर वर्षाची वाट पाहूच नये, त्याच दिवशी फोन करावा.

ताईंची दोन पानं सहा पानांची झाली. त्यात रातांबे होते, खाडी होती, कॅनिंगचा कारखाना होता, डी.एड.ही होतं. बांधलेल्या हातांबद्दल लिहायचं की नाही, यावर आम्ही बराच वेळ बोललो. त्यांनी लिहिलं, चार ओळींत. वर्षश्राद्धाला भावाने वाचून दाखवलं तेव्हा एक काका रागावले, पाटल्यांची गोष्ट चारचौघांत कशाला काढली म्हणून. वडील काही बोलले नाहीत, पण छापलेल्या प्रतींतली एक त्यांनी मागून घेतली.

हात अजून दिसतात. ते पूर्ण जातील असं मी कधी सांगितलं नव्हतं. पूर्वी रोज रात्री यायचे, आता अधूनमधून येतात, आणि आले की त्यांच्या मागोमाग कधी जांभळी नखंही येतात. सध्या ताईंना मामांकडे जायचं आहे. आईचे ते सर्वांत धाकटे भाऊ, अजून खाडीकाठीच राहतात. त्यांना ऐकू फार कमी येतं, म्हणून ताईंनी विचारायचे प्रश्न मोठ्या अक्षरांत लिहून काढले आहेत. आई पोहायला कोणाकडून शिकली, हा त्यातला पहिला.