न्यू जर्सीत मार्चमध्ये आधी लॉनकडे बघावं की मिरची-वांग्याच्या रोपांकडे?

तुमचा प्रश्न असा: पुण्याहून येऊन एडिसनला घर घेतलंय, पहिलाच हिवाळा सरतोय, लॉन पिवळं पडलंय, मधेमधे टकलं दिसतायत, शेजारी खत टाकायला लागलेत आणि तुम्हाला मिरची, वांगी, भेंडीही लावायची आहे. मग सुरुवात कशापासून करावी?

मिरचीपासून. लॉन थांबू शकतं, मिरची थांबत नाही. मी इथे बरीच वर्षं दोन्ही करते, आणि दरवर्षी मार्चमध्ये माझा सगळा जोर बियांच्या ट्रेवरच असतो.

आपल्या भागात शेवटचा फ्रॉस्ट, म्हणजे रोपं मारणारं गोठलेलं दंव, साधारण एप्रिलअखेरीस पडतो, कधी मेच्या पहिल्या आठवड्यातही. मिरची आणि वांग्याचं रोप बाहेर लावण्याजोगं व्हायला आठ-दहा आठवडे लागतात, म्हणून बी आत्ताच टाकायला हवं. टोमॅटोला महिनाअखेरपर्यंत वेळ आहे. मिरची रुजायला माती 80 ते 85 फॅरनहाइट उबदार लागते. घरात थर्मोस्टॅट 68 वर असतो आणि खिडकीची काच त्याहून गार, त्यामुळे तिथे ठेवलेलं बी आठवडेच्या आठवडे तसंच पडून राहतं. ट्रेखाली ठेवायची हीट मॅट घ्या, पैसे वसूल होतात. बागेतली माती वापरू नका, बियांसाठी मिळणारं हलकं मिश्रण आणा. कोंब वर आले की मॅट काढा आणि साधा एलईडी शॉपलाइट रोपांच्या दोन-तीन इंच वर टांगून रोज 14 ते 16 तास चालू ठेवा. नुसत्या खिडकीच्या उजेडात रोपं लांबुडकी होतात आणि आडवी पडतात. पाणी खालच्या ट्रेमध्ये ओता, वरचा थर सारखा ओला राहिला तर देठ मातीलगत बारीक होऊन रोपं कोलमडतात.

मेथी, कोथिंबीर, पालक, मटार यांना घरात जागा अडवू देऊ नका. एप्रिलच्या सुरुवातीला थेट वाफ्यात पेरा. जूनचं ऊन लागलं की कोथिंबीर तुऱ्यावर येते, तेव्हा जे मिळवायचं ते त्याआधी. भेंडी उलट: मेअखेर माती चांगली तापल्यावर, बी रात्रभर भिजवून, जागच्या जागी टोका. आणि वालाबद्दल आधीच सांगते. आपल्याकडचे बरेचसे वाल दिवस लहान झाल्याशिवाय फुलत नाहीत. इथे जूनचा दिवस पंधरा तासांचा, त्यामुळे वेल कुंपणभर पसरतो, फुलं येतात सप्टेंबरात आणि ऑक्टोबरात थंडी सगळं मारते. वाल हवेच असतील तर लवकर फुलणारा वाण शोधा.

घरून कुणी बियांची पुडी बांधून देत असेल तर नाही म्हणा. पेरायचं बी अमेरिकेत आणायला भारतातलं फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, म्हणजे बियांना कीड-रोग नसल्याचा सरकारी दाखला, लागतं, नाहीतर विमानतळावरच काढून घेतात. भारतीय भाज्यांचं बी इथे ऑनलाइन सहज मिळतं.

आता लॉन. पिवळं म्हणजे मेलेलं नव्हे. इथली फेस्क्यू, ब्लूग्रास ही थंड हवेची गवतं, एप्रिलमध्ये आपोआप हिरवी होतात. सध्या एकच पथ्य पाळा, ओल्या जमिनीवर चालू नका. मातीची मूठ वळून बोटानं टोचा. भुगा झाला तर चाला, चिकट गोळा राहिला तर अजून थांबा. जमीन वाळली की हलक्या हातानं रेक फिरवा. बर्फ साचला होता तिथे गवत करडं होऊन गोल चकत्यांमध्ये चिकटलेलं दिसेल. ती बुरशी आहे, मोकळी हवा लागली की बहुतेक वेळा आपली आपण जाते, औषध नको.

शेजाऱ्यांचं बघून खत टाकू नका. राज्याच्या कायद्यानं घरमालकांना 15 नोव्हेंबर ते 1 मार्च खत टाकायला बंदीच आहे, आणि माती परीक्षणात गरज दिसल्याशिवाय चालू लॉनला फॉस्फरस घालता येत नाही. आत्ताच्या नत्रानं नुसता पाला फोफावतो, मुळं मागे राहतात. रटगर्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत थोड्या पैशांत माती तपासून मिळते, ते मात्र आत्ता करा. फोर्सिथियाचं झुडूप पिवळ्या फुलांनी भरलं की क्रॅबग्रास हे तण लवकरच उगवणार हे ओळखा. तेव्हा प्री-इमर्जंट, म्हणजे तणाचं बी रुजू न देणारं औषध, टाकायचं असेल तर टकलांवर गवताचं बी टाकू नका, कारण बहुतेक प्री-इमर्जंट तेही रुजू देत नाहीत. टकलं भरायला ऑगस्टअखेर ते सप्टेंबर हाच खरा हंगाम. वसंतात उगवलेलं कोवळं गवत जुलैच्या उन्हात फार कमी टिकतं. मशीनचं पातं तीन इंचांवर ठेवा, त्याखाली कापू नका.

मेच्या मध्यावर रोपं आठ-दहा दिवस रोज थोडी बाहेर ठेवून, आधी सावलीत मग उन्हात, सवय लावा. रात्री 55 च्या वर राहू लागल्या की मिरची आणि वांगी जमिनीत. जाळीचं कुंपण मात्र त्याआधी घाला आणि खालची कड फूटभर मातीत गाडा, ग्राउंडहॉग हा बिळात राहणारा, भाज्या खाणारा प्राणी खालून उकरून आत शिरतो.