पगार नाही, तरी दुकानातले काम कळवायचे का?

प्रश्न : माझे यजमान अमेरिकेच्या टपाल खात्यात आहेत. कामावर पाठ दुखावल्याने दीड वर्ष घरी आहेत, भरपाई मिळते. शनिवार-रविवार ते दिरांच्या किराणा दुकानात गल्ल्यावर बसतात, पैसे घेत नाहीत. आता सीए-1032, म्हणजे भरपाई घेणाऱ्याने आपले काम आणि कमाई कळवण्याचा फॉर्म आला आहे. दुकानाचे लिहिले तर भरपाई बंद होईल का? – एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : लिहाच. हा फॉर्म मागच्या 15 महिन्यांतल्या काम-कमाईचा हिशेब मागतो आणि त्यात घरच्या धंद्यातली बिनपगारी मदत, नुसती देखरेखसुद्धा येते. त्या कामाला बाहेरचा माणूस ठेवला असता तर जे द्यावे लागले असते, तो आकडा पगाराच्या जागी लिहायचा. तारखा, तास आणि नेमके काम द्या. गल्ल्यावर बसणे वेगळे आणि तांदळाची पोती उचलणे वेगळे. पाठीच्या दाव्यात सगळे यावरच ठरते. डॉक्टरांनाही हेच सांगा. फॉर्म 30 दिवसांत परत गेला नाही तर भरपाई थांबते.

कळवल्याने भरपाई आपोआप बंद होत नाही. कमाईच्या क्षमतेनुसार ती कमी मात्र होऊ शकते. खरा धोका लपवण्यात आहे. जाणूनबुजून कमाई लपवली किंवा कमी दाखवली, तर केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या भरपाई कायद्याच्या कलम 8106 प्रमाणे त्या फॉर्मच्या पूर्ण काळाची भरपाई जाते आणि दिलेली रक्कम वसूल होते. त्यासाठी कोर्टात गुन्हा सिद्ध व्हावा लागत नाही.

फौजदारी खटला झाला तर अमेरिकी कायदेसंहितेच्या 18व्या भागातले कलम 1920 लागते. गुन्हा खोट्या साक्षीचा धरतात : 5 वर्षांपर्यंत तुरुंगवास, अडीच लाख डॉलरपर्यंत दंड किंवा दोन्ही. लाटलेली रक्कम 1,000 डॉलरपेक्षा जास्त नसेल तर कैद 1 वर्षापर्यंत. दोषी ठरल्यास भरपाई कायद्याच्या कलम 8148 प्रमाणे त्या दिवसापर्यंतच्या सगळ्या दुखापतींचा हक्क संपतो, औषधोपचाराचासुद्धा. दुखापत शंभर टक्के खरी असली तरीही! घरच्यांना हे फार उशिरा कळते, म्हणून इतके ठासून सांगतो.

आधीच्या एखाद्या फॉर्मवर दुकानाचा उल्लेख राहिला असेल, तर दुरुस्तीचे पत्र स्वतः लिहू नका. आधी फौजदारी वकिलाला दाखवा. तुमचे पत्र पुरावा ठरू शकते.

प्रश्न : मी अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या कार्यालयात आहे. पडून मनगट दुखावले. साहेब म्हणतात, ‘दावा करू नकोस, रजा टाक.’ काय करावे?

उत्तर : सीए-1, म्हणजे कामावरच्या दुखापतीच्या दाव्याचा फॉर्म, दुखापतीपासून 30 दिवसांत भरा. एरवी पात्र असाल, तर 45 दिवसांपर्यंत पगार चालू राहतो. उशीर झाला तर ही सवलत जाते. दुखापत झालेल्याला दावा सोडायला जाणूनबुजून भाग पाडणाऱ्या जबाबदार अधिकाऱ्याला संहितेच्या 18व्या भागातल्या कलम 1922 खाली 1 वर्षापर्यंत कैद होऊ शकते. साहेबांचे म्हणणे तारखेसह लिहून ठेवा आणि फॉर्मची पोचपावती मागून घ्या.