विचारा, सांगतो : सूर आणि वाद्यं

प्रश्न : संगीत नाटकांत वाजायचा तो ऑर्गन आणि पॅरिसच्या नोत्र दाम चर्चचा ऑर्गन एकच का? तिथे म्हणे बसल्या जागी बाक थरथरतो. अतिशयोक्ती ना?
– एक वाचक, सांगली

उत्तर : नाही हो, थरथरतो! मुलीकडे गेलो होतो तेव्हा अनुभवलंय, चर्चला 2019मध्ये आग लागली त्याच्या आधी.

आपला नाटकातला ऑर्गन म्हणजे पायपेटीच. पाय मारायचे, हवा पितळी सुरांवरून, म्हणजे पातळ पितळी जिभांवरून, जायची. जन्मभर मी हेच सूर घासत आलो. नोत्र दामला मात्र नळ्या आहेत, जवळजवळ 8,000! काही पेन्सिलीएवढ्या, तर सर्वांत मोठी 32 फुटी. बहुतेक नळ्या बासरीसारख्या बोलतात. काहींत पितळी जीभ असते, तिचा आवाज तुतारीच्या जातीचा. हातासाठी पट्ट्यांच्या पाच ओळी, खर्जासाठी पायाखाली वेगळ्या पट्ट्या.

बाक हलवते ती 32 फुटी नळी. तिचा खालचा सा सेकंदाला साधारण 16 कंपनांचा. कानाला तो धड ऐकूच येत नाही, छातीला कळतो. मी आधी समजलो, खालून मेट्रो गेली. वादकाने हात उचलला तरी दगडी कमानींत सूर कितीतरी वेळ फिरत होता. आपल्या पेटीचा भाता थांबला की संपलं.

15 एप्रिल 2019च्या आगीत ऑर्गन जळला नाही, पण शिशाच्या धुळीने माखला. नळ्या उतरवून, साफ करून परत बसवल्या. नंतरचं सूर लावणं रात्री चालायचं, कारण दिवसा बांधकामाचा खडखडाट. 7 डिसेंबर 2024ला तो पुन्हा वाजला.

पुण्यात माझ्याकडे एक जुनी पायपेटी आहे. या, फरक ऐकवतो.